सव्वीस झाडांची ओळ

मला स्वतःला पळता येत नाही. बस सुटत असली तरी मी पळत नाही, मागची पकडते. तरीही तीन वर्षं आमच्या हायस्कुलाचा खेळ विभाग माझ्याकडे होता. खेळाचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांनी "कोण घेतं?" असं विचारलं तेव्हा मी मान खाली घालून पेपर तपासत होते. मान वर करेपर्यंत माझं नाव लागलेलं होतं. मी गणित शिकवते. मुख्याध्यापक समजूत काढत म्हणाले, "मॅडम, खेळातसुद्धा शेवटी आकडेच असतात." मला ते पटलं. इतकं पटलं की त्या आकड्यांपायी मी एका मुलीचं वाटोळं केलं.

शाळा तलासरीच्या पूर्वेला, गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. मी डहाणूची, रोज स्कूटरने जाऊन येऊन करणारी. आमच्या घरी चिकूची वाडी आहे, आणि वाडीवाल्यांचं सगळं मोजमाप झाडांत चालतं हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. विहीर कुठे? सात झाडं सोडून. साप कुठे निघाला? तिसऱ्या ओळीत, बाराव्या झाडापाशी. दोन झाडांत तेहतीस फूट, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. आमचे वडील म्हणायचे, तेहतीसपेक्षा जवळ लावलेला चिकू आणि एका खोलीत ठेवलेले दोन जावई कधी सुखाने नांदत नाहीत. आम्ही हसायचो आणि मनात तेहतीस घट्ट बसायचं.

पहिल्याच ऑगस्टात तालुक्याच्या स्पर्धा आल्या. मुलींच्या तीन हजार मीटरला आमच्याकडून एकही नाव नव्हतं, आणि रकाना रिकामा ठेवला तर वर उत्तर द्यावं लागतं. मी नववीच्या वर्गात जाऊन विचारलं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. गणितात पस्तीसच्या आसपास घुटमळणारी, पाड्यावरून रोज चालत येणारी, तोंडातून शब्द न काढणारी. तिने विचारलं, "मॅडम, किती वेळा फिरायचं?"

"साडेसात वेळा."

"मधी बसायला मिळतं?"

"नाही."

तिने जरा विचार केला. "चालल," म्हणाली.

सहा जणींत ती चौथी आली. कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. मैदान कुणीतरी अंदाजाने आखलेलं, त्यामुळे वेळ कोणी लिहिली नाही, नुसते नंबर लिहिले. पण मी सवयीने प्रत्येक फेरीची वेळ मोबाईलवर टिपत होते, आणि तिच्या फेऱ्या मी पुन्हा एकदा तपासून बघितल्या. पहिली आणि शेवटची यांच्यात दोन सेकंदांचा फरक. मधल्या सगळ्या त्या दोन सेकंदांच्या आत. बाकीच्या पोरी आधी सुसाट सुटल्या आणि मग पोट धरून चालल्या. ही तोंड मिटून एकाच चालीने फिरत राहिली. कोणी न शिकवता अंगात असलेली ती गोष्ट होती. हे मला तेव्हाही कळलं होतं, म्हणूनच मला माफी नाही.

तिथे दुसऱ्या शाळेचे एक म्हातारे सर होते, खेळात हयात गेलेले. त्यांनीही तिला हेरलं होतं. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, हिला वर्षभर नुसतं पळू द्या. घड्याळ दाखवू नका. नव्या पोराची वेळ पहिले काही महिने भराभर खाली येते, ती आपल्या शिकवण्याने आली असं समजायचं नाही. आणि तशीच येत राहील असं तर मुळीच धरायचं नाही." मी हो हो केलं. मनात म्हटलं, एवढी वर्षं हा माणूस असा निवांत बसला, म्हणूनच याच्या शाळेचं पोर कधी पुढे गेलं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, तो माझा होता.

जिल्ह्याबाहेर एक क्रीडा वसतिगृह आहे. निवड झाली तर राहणं, खाणं, बारावीपर्यंतची शाळा, सगळं तिथेच. मे महिन्यात चाचणी असते, सोळा वर्षांखालच्यांना बसता येतं. मी फोन करून विचारलं. मुलींनी तीन हजार मीटर बारा मिनिटांच्या आत पळायला हवं. मुलगी चौदाची होती, म्हणजे तिच्या हाताशी या मेची धरून दोन संधी होत्या. मी कागद घेऊन बसले. नववीची पोर, कधी न पळालेली, अंगावर मांस नाही. प्रामाणिक हिशेब दोन वर्षांचा येत होता. पहिल्या वर्षी फक्त सवय, दुसऱ्या वर्षी वेग. तो कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तिच्या बापाला भेटायला पाड्यावर गेले.

कारण घाई करण्यासारखं होतं. तिची मोठी बहीण हद्दीपलीकडच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. पहाटे टेम्पो येतो, पाड्यावरच्या पोरी भरून नेतो. त्या टेम्पोतली जागा म्हणजे घरातली वस्तू असते. थोरलीचं लग्न झालं की तिची जागा धाकटीला, हे सगळ्या पाड्यांवर न बोलता ठरलेलं. जागा सोडली तर दुसऱ्या घरची पोर बसते आणि मग परत मिळत नाही. बहिणीचं लग्न त्याच वर्षी भातकापणी झाली की ठरलं होतं. म्हणजे डिसेंबरात ही नववी अर्ध्यावर टाकून टेम्पोत बसणार होती.

बाप अंगणात खाटेवर बसला होता. भातशेती थोडी, बाकीचे दिवस मजुरी. मी सगळं सांगितलं: पळणं, वसतिगृह, शाळा. तो ऐकत राहिला. मध्येच त्याने पोरीकडे असं पाहिलं, जसं काही ती आत्ताच बाहेरगावाहून आली आहे. मग त्याने एकच प्रश्न विचारला.

"किती वरीस लागल, मॅडम?"

पर्समध्ये दोन वर्षांचा कागद होता. मी त्या कुडाच्या घराकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या थोरलीकडे बघितलं. ती नुकतीच टेम्पोतून उतरलेली, केसांत अजून कंपनीची जाळी. मला वाटलं, ही माणसं दोन वर्षं कुठून देणार? दोन म्हटलं की बाप उठून आत जाईल. मी त्यांच्या वतीने ठरवूनच टाकलं की यांना एकच परवडतं.

"एक," मी म्हणाले. "एक वर्ष थांबा. पुढच्या मेमध्ये ती जाते की नाही बघा."

बापाने थोरलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "थांबेन की. त्यांना मी सांगन." इतकंच. तिने आपलं लग्न एक वर्ष पुढे ढकललं, आणि तिच्या सासरच्यांनीही ते ऐकलं. मला त्या वेळी थोरलीचं कौतुक वाटलं. लाज वाटायला हवी होती.

आता बारा मिनिटांचं गणित एका वर्षात बसवायचं होतं. शाळेचं पटांगण एवढंसं, त्यात अर्ध्यावर पाण्याची टाकी. पण शाळेला लागून एका शेठची नवी चिकूवाडी होती, आणि कुंपणाच्या कडेने सपाट, सावलीचा कच्चा रस्ता. मी कुंपणाबाहेरून झाडं मोजली. सव्वीस. गणिताची बाई असल्यामुळे सव्वीस झाडांत पंचवीसच अंतरं असतात ही चूक मी केली नाही, याचा मला केवढा अभिमान! पंचवीस गुणिले तेहतीस फूट, म्हणजे अडीचशे मीटर. जाऊन येऊन पाचशे. सहा वेळा गेलं-आलं की तीन हजार. शाळेची टेप होती, पण तिचं तोंड तुटलेलं, अकरा मीटरपासून सुरू होणारी. आणि चिकूच्या दोन झाडांत किती अंतर असतं हे डहाणूच्या बाईने टेप लावून बघायचं म्हणजे भटाने गायत्री मंत्र वहीत बघून म्हणायचा. मी टेप कपाटातच ठेवली.

पहिल्या दिवशी तिला चौदा मिनिटं तीस सेकंद लागले. मला घाम फुटण्याऐवजी आनंद झाला. मी बारा मिनिटांतून दहा सेकंद कमी धरून अकरा पन्नासचं लक्ष्य ठरवलं. म्हणजे एकशे साठ सेकंद कमी करायचे, महिने आठ, महिन्याला वीस. मी आलेखाच्या कागदावर एक सरळ रेघ काढली आणि नववीच्या वर्गात भिंतीला चिकटवली. शिकवताना मी मुलांना सांगते की सरळ रेषा निसर्गात सहसा सापडत नाही. हे वाक्य मी त्या भिंतीसमोर उभी राहून त्या वर्षीही सांगितलं असणार.

आणि ती रेघ खरी होत गेली. पहिल्या महिन्यात वीसच्या जागी अठ्ठावीस सेकंद गेले. दुसऱ्यात बावीस. रोज शाळेच्या आधी ती यायची, चपला कुंपणाशी काढून ठेवायची आणि सुटायची. मी स्कूटरवर बसून वेळ ओरडायची. तिला तिच्या अंगाची चाल होती, ती मी मोडत होते. "या फेरीला चार सेकंद जास्त! उचल पाय!" हळूहळू तिच्या फेऱ्या आखडू लागल्या, एक जलद, एक संथ. मला ते दिसत होतं. मी बघत होते तो फक्त शेवटचा आकडा.

डिसेंबरात शाळेत आलेल्या नव्या शिक्षकाने सांगितलं की मोबाईलवर अंतर मोजता येतं. मी फोन तिच्या हातात दिला, सहा वेळा पळवलं. फोनने दाखवलं दोन किलोमीटर चारशे साठ की काहीतरी. मी हसले. आमच्या शाळेत फोन उचलला की गुजरातमध्ये स्वागत आहे असा मेसेज येतो, पाच मिनिटांनी महाराष्ट्रात परत स्वागत होतं. "ह्याला आपण कुठल्या राज्यात आहोत तेच कळत नाही, अंतर काय कळणार," मी म्हणाले, आणि सगळे हसले. फोन अंतर टॉवरवरून मोजत नाही हे मला माहीत होतं. तो उपग्रहांवरून मोजतो, आणि विज्ञानाच्या बदली तासाला मी नववीला उपग्रह शिकवलेत.

फेब्रुवारीत ती अडकली. बारा चाळीसच्या खाली उतरेना. एक आठवडा, दोन, पाच आठवडे. कोणताही जाणता माणूस म्हणाला असता की शरीर थकलंय, पंधरा दिवस सोडून दे. मी राहिलेले सेकंद पुढच्या महिन्यात ढकलले. वीसच्या जागी एकतीस. तिची नडगी सुजली होती. विचारलं की "दुखत नाय" म्हणायची आणि कसला तरी पाला ठेचून लावायची. एकदा फेरी संपवून ती कुंपणाला धरून उभी होती, तेव्हा आपणहून बोलली. तसं ती कधी बोलत नसे.

"ताईला कंपनीत रोज इचारतात, मॅडम. लगीन मोडलं काय म्हणून."

मी म्हणाले, "मग लवकर खाली आण वेळ." आणखी काय म्हणणार होते? मला खरंच वाटत होतं की हेच दयाळू उत्तर आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती त्या रस्त्यावर अकरा मिनिटं पन्नास सेकंदांत आली. रेघेच्या शेवटच्या टिंबावर, अगदी बोट ठेवून. मी पेढे आणले. स्टाफरूममध्ये फोटो काढला. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा, मी सांगितलं होतं, आकडे!"

चाचणीला आम्ही दोघीच गेलो. तिथे तांबडा, रबरी ट्रॅक होता. ती वाकून हात लावून बघत होती, जसं आपण दुकानात कापड बघतो. चारशे मीटरची फेरी, एक मिनिट पस्तीस सेकंदांत. मी पेनने तिच्या तळहातावर लिहून दिलं, १:३५. "फक्त हे सांभाळ. बाकी काही नको."

पहिली फेरी एक छत्तीस. मी उड्या मारत होते. दुसरी एक चव्वेचाळीस. तिसरी एक अठ्ठावन्न. तिचं तोंड उघडं होतं, ते मी नऊ महिन्यांत पहिल्यांदा बघितलं. चौथ्या फेरीला ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिने तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी कठड्याला टेकून, लोकांच्या देखत, ओरडले, "झोपलीस का? घरी पळतेस ना? मग इथे काय झालं?" पुढच्या फेऱ्या मी मोजल्या पण त्यांच्याकडे बघितलं नाही. पंधरा मिनिटं सहा सेकंद. ती थांबली नाही, बसली नाही, पूर्ण पळून आली.

निवड करणाऱ्यांतली एक बाई चांगली होती. यादीवर टिचकी मारत म्हणाली, "हिला पुढच्या वर्षी पुन्हा आणा. वय आहे. सुरुवातच चुकली तिची, फार जोरात सुटली." मी मान डोलावली. मनात म्हटलं, तुम्हाला काय माहीत. जी मुलगी घरी अकरा पन्नास पळते आणि इथे पंधरा, तिच्यात सव्वातीन मिनिटांची भीती आहे. भीतीवर काय उपाय?

परतीच्या बसमध्ये मी ते तिला सांगितलंही. "पायांत काही कमी नव्हतं. घाबरलीस तू. मोठं मैदान बघून गळाठलीस."

ती खिडकीतून बघत होती. मान न वळवता म्हणाली, "व्हय. घाबरली असन."

बापाला मी सांगितलं की जमलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आणा, हे त्या बाईचं म्हणणं मी सांगितलंच नाही. त्याने दिलेल्या एका वर्षाचा मी मान ठेवला, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि तिचा राग येत होता. हो, रागच. माझ्या रेघेचा तिने विचका केला असं मला वाटत होतं.

जूनमध्ये ती दहावीत आली, पण रस्त्यावर आली नाही. मीही बोलावलं नाही. इतर मुलांनी विचारलं तर म्हणायची, "मना भ्या वाटतं." दिवाळीनंतर भात कापून झालं, थोरलीचं लग्न झालं, आणि पुढच्या सोमवारी हजेरी घेताना तिचा नंबर आला तेव्हा वर्ग गप्प राहिला. मी गैरहजर लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

जानेवारीत शेजारच्या वाडीत ठिबकच्या नळ्या घालायचं काम निघालं. मधल्या सुट्टीत मी कुंपणाशी उभी होते. काम करणारा माणूस काळ्या नळीचं भेंडोळं उलगडत ओळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला. माझ्याशी बोलायला म्हणून तो म्हणाला, "बरोबर माप आहे मॅडम, दोनशे मीटरचं भेंडोळं, पाच-सहा मीटर सोडले तर एका ओळीला एक."

मी म्हणाले, "दोनशे नाही, अडीचशे."

"नाय ओ. सत्तावीस फुटांवर लावलीत ही झाडं. नव्या वाड्या अशाच लावतात आता. तेहतीसवर कोण लावतो?"

मी शाळेत जाऊन ती तुटकी टेप आणली. अकरा मीटरपासून मोजली. सत्तावीस फूट. दुसरी दोन झाडं, सत्तावीस. पाच ठिकाणी मोजलं आणि सहाव्या ठिकाणी खाली बसले. तिचे तीन हजार मीटर हे अडीच हजारही नव्हते. त्या अकरा पन्नासला खऱ्या मैदानावर साडेचौदाच्या आसपास लागणार होते. पहिल्या दिवसाचे चौदा तीस म्हणजे खरे साडेसतरा. साडेसतरावरून एका नव्या, उपाशी, सुजलेल्या नडगीच्या पोरीने नऊ महिन्यांत पंधरा सहा केलं होतं, आणि तेही मी तिला पहिल्या फेरीला मारून टाकल्यावर. अडीच मिनिटं! कोणत्याही शहाण्या माणसाने तिला एका वर्षात एक मिनिट मागितलं असतं, आणि तिने अडीच दिली म्हणून खांद्यावर घेऊन नाचला असता. मी तिला बसमध्ये भित्री म्हटलं होतं.

मला त्या आकड्यांनी नाही फसवलं. फेब्रुवारी सोडला तर दर महिन्याला माझं टिंब रेघेवर पडत होतं, आणि कधीही न पळालेल्या मुलीचं टिंब असं पडत नसतं, हे मला कळायला हवं होतं. फोन सांगत होता. तिची नडगी सांगत होती. मी मागितलेल्या एका वर्षात बसेल असाच किलोमीटर मला हवा होता, आणि तो मला मिळाला, म्हणून मी तो मोजला नाही.

रविवारी मी पाड्यावर गेले. रविवारी टेम्पो नसतो. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, बाप खाटेवर. तिच्या केसांना जाळीचा वळ पडला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, झाडांचं, फुटांचं, मिनिटांचं. मी कागदावर लिहून नेलं होतं, साडेसतरा आणि पंधरा सहा. ती तो कागद हातात धरून राहिली. तिला आकडे कळत होते, गणितात कच्ची असली तरी एवढे कळत होते.

"म्हंजे मी घाबरली नव्हती?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग दम का लागला?"

"मी तुला तुझ्यापेक्षा फार जोरात पळायला सांगितलं होतं म्हणून."

तिने कागदाची घडी केली आणि सुपाखाली ठेवली. पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मला वाटलं ती रडेल, मग मलाही रडता येईल. ती रडली नाही. मी बापाकडे वळले आणि ज्यासाठी खरं आले होते ते बोलले. या मेमध्ये अजून वय आहे, सोळा पूर्ण व्हायचेत, त्या बाईने पुन्हा आणा म्हटलं होतं, मी सांगितलं नाही, माझं चुकलं, पण अजून चार महिने आहेत. चार महिन्यांत तीन मिनिटं होणार नाहीत हे बोलता बोलताच मला कळत होतं. आठ महिने ती पळालेली नव्हती. मी पुन्हा तेच करत होते.

बापाने मला बोलू दिलं. मग हळू म्हणाला, "आता कोण थांबल, मॅडम? मोठी सासरी गेली. तिची जागा हिनं धरली. आता हिनं सोडली तं घरात थांबायला कोण हाय?"

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"खरं तं किती लागली असती?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं," मी म्हणाले. "तेव्हाच मला वाटलं होतं, दोन. पण तुम्ही दोन देणार नाही असं..."

"मी तुमाला इचारलं होतं," तो म्हणाला. "दोन बोलला असता तं दोन दिली असती. मोठी थांबली असती, तिची माणसं थांबली असती. त्यांनी एक वरीस काय कुरकुर केली? आमच्यात लगीन दोन वरीस पुढं जातं, चार वरीस जातं, पाऊस नाय पडला तं जातं. आमाला घाई नव्हती. घाई तुमाला होती."

तो हे रागाने म्हणाला नाही. त्याने पोरीला मॅडमसाठी चहा ठेवायला सांगितला, आणि ती सूप बाजूला ठेवून, उजव्या नडगीवर जरा कमी भार देत, आत गेली.